नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि वैद्यकीय एआय : मोबाईलची सवय म्हणजे तयारी नव्हे

नर्सिंगच्या विद्यार्थिनींबद्दल सध्या दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. पहिली शिक्षकांची : मुली सतत मोबाईलमध्ये असतात, केअर प्लॅनसुद्धा चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. दुसरी रुग्णालयांची : नव्याने आलेल्या सिस्टरना संगणकावरच्या नोंदी आणि मॉनिटरचे अलर्ट समजत नाहीत. एकच मुलगी तंत्रज्ञानात बुडालेलीही आहे आणि तंत्रज्ञानाला बिचकणारीही आहे, हे कसे?

आमच्या मते दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. मोबाईल वापरण्याची सवय ही एक गोष्ट आहे आणि यंत्र काय सांगते, का सांगते, कुठे चुकते हे ओळखण्याची तयारी ही दुसरी. पहिली आपोआप येते, दुसरी शिकवावी लागते. आपल्या शिक्षणव्यवस्थेने पहिलीलाच दुसरी समजून घेतले आहे.

हा प्रश्न आपल्या समाजाचा आहे. आपल्या वस्त्यांमधून, गावांमधून एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगला जाणाऱ्या मुली आम्हाला कामाच्या निमित्ताने सतत भेटतात. अनेक घरांत तिचा पगार हा पहिला नियमित पगार असतो. या क्षेत्रात मुलगेही आहेत आणि पुढचे सगळे त्यांनाही लागू आहे. उद्या या मुली यंत्रावर देखरेख करणाऱ्या परिचारिका होणार की यंत्राचा निरोप पोहोचवणाऱ्या मदतनीस होणार, हे आजच्या शिक्षणावर ठरणार आहे.

एआय वॉर्डात येऊन पोहोचले आहे

हा दहा वर्षांनंतरचा विषय नाही. छातीचा एक्स-रे वाचून क्षयरोगाचा संशय दाखवणारी सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्येच मान्यता दिली. १५ वर्षे आणि त्यावरील व्यक्तींच्या तपासणीत डॉक्टरऐवजी सॉफ्टवेअरने एक्स-रे वाचला तरी चालेल, असे त्या शिफारशीत आहे. अशी सॉफ्टवेअर बनवणारी एक कंपनी, क्युअर डॉट एआय, आपल्या मुंबईचीच आहे. गादीखाली ठेवलेल्या पट्टीवरून नाडी आणि श्वास मोजून धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा भारतीय रुग्णालयांत वापरली जाते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले.

कागदावर तयारीही दिसते. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलून सत्र पद्धत आणली आणि त्यात आरोग्य व नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स हा विषय ठेवला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मार्च २०२३ मध्ये आरोग्यसेवेतील एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पण विषय अभ्यासक्रमात असणे आणि तो शिकवला जाणे यात अंतर असते. संगणक कक्ष तपासणीच्या दिवशी उघडणारी कॉलेजे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

मोबाईल काढून घेणे हे उत्तर नाही

मुलींच्या मोबाईलबद्दल बोलताना समाजाचा सूर लगेच उपदेशाचा होतो. तो आम्हाला मान्य नाही. मराठी माध्यमातून बारावी झालेली मुलगी इंग्रजी पुस्तकातला एकेक शब्द मोबाईलवरच पाहते. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज, परीक्षेचे वेळापत्रक, घरच्यांशी बोलणे, सगळे त्याच फोनवर असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या महिला फक्त ३३.३ टक्के होत्या, पुरुष ५७.१ टक्के. ज्या देशात ही दरी आहे, तिथे मुलीच्या हातातला फोन ही कमावलेली गोष्ट आहे.

मात्र झोप उडेपर्यंत रील पाहणे, फोन जवळ नसला की अस्वस्थ होणे, नाईट ड्युटीत दर पाच मिनिटांनी स्क्रीन उघडणे, हे अवलंबित्व नाकारण्यातही अर्थ नाही. वॉर्डात लक्ष विचलित होणे रुग्णाला महागात पडते. त्याहून गंभीर अवलंबित्व वेगळे आहे : विचार करण्याचे कामच फोनकडे सोपवणे.

एक साधे उदाहरण घेऊ. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचे आहे. मिनिटाला किती थेंब? फोनला विचारले तर उत्तर येते : ४२. पण हे उत्तर १ मिलीला २० थेंब पाडणाऱ्या सेटचे आहे. हातात ६० थेंबांचा मायक्रोड्रिप सेट असेल तर बरोबर उत्तर १२५ आहे. त्या सेटवर ४२ थेंब लावले, तर ४ तासांचे सलाईन संपायला जवळपास १२ तास लागतात. फोनचे गणित चुकलेले नसते. सेट कोणता, हे त्याने विचारलेले नसते आणि विद्यार्थिनीने सांगितलेले नसते. सेटच्या पाकिटावर नजर टाकणारी परिचारिकाच इथे रुग्णाला वाचवते.

मग तयारी म्हणजे काय?

तुर्कस्तानातील संशोधकांनी २०२१ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांची एआयबाबतची तयारी मोजण्यासाठी २२ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे चार भाग आहेत : ज्ञान, कौशल्य, दृष्टी आणि नीती. एआय कसे शिकते हे माहीत असणे, ते कामात वापरता येणे, त्याच्या मर्यादा आणि संधी दिसणे, आणि रुग्णाचा हक्क सांभाळणे.

आपल्याकडच्या चर्चेत यातला फक्त दुसरा भाग असतो. बटण कुठले दाबायचे, एवढेच प्रशिक्षण. कंपनीचा माणूस येऊन अर्ध्या तासात यंत्र दाखवून जातो आणि रजिस्टरवर सह्या होतात. उरलेल्या तीन भागांकडे लक्ष द्यायला हवे, कारण आपल्या लोकांचे नुकसान तिथेच होणार आहे.

यंत्राला कोण दिसत नाही?

कोविडच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घराघरात पोहोचला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की या यंत्राकडून ऑक्सिजनची धोकादायक घट निसटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. म्हणजे जवळपास तिप्पट. त्वचेचा रंग गडद असेल तर आकडा खोटा दिलासा देऊ शकतो. उन्हात राबणाऱ्या माणसांच्या या देशात ही माहिती प्रत्येक नर्सिंग विद्यार्थिनीला पहिल्याच वर्षी मिळायला हवी.

दुसरा अभ्यास २०१९ चा, 'सायन्स' या नियतकालिकातला. अमेरिकेतील रुग्णालयांत कोणत्या रुग्णाला जादा मदत द्यायची हे एक प्रणाली ठरवत होती. तिच्यात वंशाचा रकानाच नव्हता. तिने गरज मोजण्यासाठी आधी झालेला उपचारांचा खर्च पाहिला. कृष्णवर्णीयांवर खर्च कमी झाला होता, म्हणून प्रणालीने त्यांना कमी आजारी ठरवले. ही चूक दुरुस्त केल्यास जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवले.

हे वाचताना आपल्या वस्तीतली माणसे डोळ्यांसमोर येतात. मजुरी बुडेल म्हणून दवाखाना टाळणारी बाई, शेवटच्या क्षणी जिल्हा रुग्णालयात आणलेला म्हातारा. त्यांच्या नावावर तपासण्या नाहीत, बिले नाहीत, जुनी कागदपत्रे नाहीत. खर्चाच्या नोंदीवरून शिकलेल्या यंत्राला ही माणसे निरोगी दिसतील. भेदभावासाठी जातीचा रकाना लागत नाही. पत्ता, खर्च आणि दवाखान्याच्या फेऱ्या एवढे पुरते. अशा वेळी 'यंत्र काहीही म्हणो, हा रुग्ण ठीक दिसत नाही' असे म्हणू शकणारी सिस्टर हवी.

दोष कोणाच्या माथी?

२०२१ मध्ये मिशिगनमध्येच एका रुग्णालयात संसर्गातून होणाऱ्या सेप्सिसचा इशारा देणारी प्रणाली तपासली गेली. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के तिला ओळखता आले नाहीत. तरीही दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांबाबत तिने इशारे दिले होते. इशारे उदंड आणि खरा रुग्ण सुटलेला. सतत वाजणाऱ्या घंटेकडे थकलेला माणूस दुर्लक्ष करतो, किंवा उलट, घंटा वाजली नाही म्हणून निर्धास्त राहतो. तीस-चाळीस रुग्ण सांभाळणाऱ्या सिस्टरकडून याहून वेगळे काय घडणार?

आणि चूक झाली की चौकशी कोणाची होते? यंत्र विकणारा दूर असतो, खरेदीची सही करणारा वर असतो. कागदावर शेवटची सही ड्युटीवरच्या सिस्टरची असते. रुग्णालयाच्या उतरंडीत तिचा शब्द आधीच हलका धरला जातो, त्यात ती गरीब घरातली, आरक्षणातून आलेली असेल तर आणखी. म्हणून यंत्राशी असहमत होण्याचा हक्क आणि ती असहमती लिहून ठेवण्याची जागा हा तिच्यासाठी नोकरी टिकवण्याचा प्रश्न आहे. एप्रिल २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत परिचारिका एआयच्या बेफाम वापराविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांचे म्हणणे एवढेच होते, की परिचारिकेच्या निर्णयावर विश्वास ठेवा.

नीतीची जबाबदारी मात्र आपलीही आहे. केस स्टडी लवकर व्हावी म्हणून रुग्णाच्या केसपेपरचा फोटो काढून चॅटबॉटमध्ये टाकणे सर्रास होऊ लागले आहे. त्या कागदावर नाव, पत्ता, कधी एचआयव्हीचा अहवाल असतो. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा आहे. तो रुग्ण बहुधा आपल्यासारख्याच घरातला असतो.

आपण काय करू शकतो?

विद्यार्थिनींनी तीन सवयी लावून घ्याव्यात. औषधाचा डोस आणि थेंबांचा हिशेब आधी कागदावर, मग फोनवर. यंत्राचा आकडा आणि रुग्णाचा चेहरा जुळत नसेल तर हाताने नाडी पाहावी, श्वास मोजावा, वरिष्ठांना कळवावे आणि वेळेसह नोंद करावी. रुग्णाची ओळख पटेल असे काहीही चॅटबॉटला देऊ नये.

कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यातील नर्सिंग कॉलेजांना तीन प्रश्न लेखी विचारावेत. इन्फॉर्मेटिक्सचा विषय कोण शिकवते आणि प्रात्यक्षिक किती तास होते? एएनएम आणि जीएनएमच्या मुलींपर्यंत यातले काय पोहोचते? रुग्णालयात एआय असलेले यंत्र आले तर विद्यार्थिनींना त्याच्या चुकाही शिकवल्या जातात का? शासकीय संस्थांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. रुग्णालयांकडे मागणी एकच करावी : यंत्राचा सल्ला का मानला नाही हे सिस्टरला लिहिता येईल असा रकाना नोंदवहीत असावा आणि त्या नोंदीमुळे तिच्यावर कारवाई होऊ नये.

आपल्या विहारांत, अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात. त्याच जागेत रविवारी दोन तास नर्सिंगच्या मुलींसाठी ठेवता येतील. वस्तीतल्या अनुभवी सिस्टरनी ड्रिपचा हिशेब आणि वॉर्डातले प्रसंग शिकवावेत, संगणक शिकलेल्या तरुणांनी एआय कसे शिकते आणि कुठे फसते ते मराठीत समजावून सांगावे. यासाठी निधी लागत नाही, एक फळा आणि नियमित येणारी चार माणसे पुरतात. पुढच्या सत्राच्या पोस्टिंग सुरू होण्याआधी प्रत्येक तालुक्यात असा एक तरी वर्ग उभा राहावा, अशी आमची विनंती आहे.