देवालय मोडलें कोणीं?

जुन्या चर्चांतून निर्धन वृद्धांसाठीं घरें करण्याची कल्पना इंग्लंड-अमेरिकेंत कोठें निघाली, कीं दोन पक्ष तिच्यावर तुटून पडतात. एक म्हणतो, पावित्र्य भ्रष्ट झालें; दुसरा म्हणतो, इतिहास बुडाला. या दोघांनींही लंडनमधील चार्टरहाउसची हकीकत एकदां वाचावी.

हा कार्थूझियन मठ १३७१ सालीं स्थापन झाला. आठव्या हेन्रीस धर्मसत्तेचा प्रमुख मानण्याचें नाकारल्यामुळें मठाधिपति जॉन हॉटन यांस १५३५ मध्यें देहांत शिक्षा झाली, व १५३७ मध्यें मठ बंद पडला. १५४५ मध्यें ती जागा सर एडवर्ड नॉर्थ या दरबारी गृहस्थाच्या हातीं गेली. त्यानें मठाचें चर्च पाडून स्वतःसाठीं वाडा उठविला. पुढें १६११ मध्यें टॉमस सटन या धनिकानें तो वाडा १३,००० पौंडांस घेऊन ८० निर्धन वृद्ध व ४० मुलें यांची तेथें सोय लावली. १८७२ मध्यें शाळा गॉडल्मिंगला गेली; १९४१ च्या बाँबहल्ल्यांत इमारत होरपळली व पुन्हां उभी राहिली. वृद्ध आजही तेथें राहतात, आणि जेथें पूर्वीं भिक्षूंची सभा भरे तेथें प्रार्थना करतात.

आतां सांगा, देवालय मोडलें कोणीं? श्रीमंताच्या हौसेनें. आणि उरलेलें राखलें कोणाच्या निमित्तानें? निराधार म्हाताऱ्यांच्या. कुंपण घातल्यानें वास्तु टिकत नाहीं. छप्पर गळूं लागलें तर तें पाहणारें माणूस आंत असावें लागतें. थॅकरे याच शाळेचा विद्यार्थी. हिंदुस्थानांत चाकरी केलेला त्याचा कर्नल न्यूकम बुंदेलखंड बँक बुडाल्यावर याच आश्रमांत येऊन राहतो. तें वाचून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांनीं तरी अशा निवाऱ्यास विटंबना म्हणूं नये.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. चर्चचें सौंदर्य त्याच्या अखंड उंचींत असतें. आंत मजले घातले कीं खिडक्या मधोमध चिरल्या जातात. म्हणून शक्य तेथें मुख्य दालन सर्वांच्या बैठकीस मोकळें ठेवून खोल्या आवारांत बांधाव्या. तेंही साधत नसेल, तर तें चर्च घरांसाठीं घेऊंच नये.

परंतु खरा धोका निराळाच आहे. आरंभीं वृद्धांचें नांव पुढें करावयाचें, आणि मागाहून तींच घरें चढ्या भावानें धनिकांस विकावयाचीं! भाडें सामान्य निवृत्तिवेतनास कायम झेपेल, ही अट करारांतच लिहिली पाहिजे. ज्यांना ती नको, त्यांनीं पावित्र्याचा कैवार घेऊं नये. ते नॉर्थसाहेबांचेच वारस होत.