गेलेलं मायलेज बाटलीतून परत येत नाही



गॅरेजच्या धंद्यावरचा मागचा व्हिडिओ पाहून मूलच्या एका गॅरेजवाल्या भावाने विचारलं, "सर, प्रत्येक सर्व्हिसिंगच्या बिलात फ्युएल सिस्टम क्लीनरची एक बाटली लावू का? मार्जिन बरं आहे आणि गिऱ्हाईक स्वतःहून मागतं." व्हिडिओत मी घाईत उत्तर दिलं होतं, इथे नीट देतो. माझं मत स्पष्ट आहे: सरसकट लावू नका. मार्जिन वाईट नसतं हो, पण या बाटलीचं मार्जिन तुम्हाला महाग पडेल.

गिऱ्हाईक काय म्हणतं ते आधी ऐका. "भाऊ, पहिले पन्नास द्यायची, आता सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच देते. काहीतरी टाकून दे." त्याला वाटतं गाडीत कचरा बसला. बसला असेलही, पण एक कारण पेट्रोलमध्येच आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत ई-२० पेट्रोल बाजारात आलं आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल. आपल्या धानाच्या पट्ट्याला हे तर माहीत असायला हवं, कारण उसाबरोबर आता तांदळापासूनही इथेनॉल बनतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश काढा, सहा-सात टक्के येतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या पद्धतीच्या चारचाकीसाठी सहा-सात टक्के आणि दुचाकीसाठी तीन-चार टक्के घट सांगितली आहे. पन्नासचे अठ्ठेचाळीस झाले ते इथूनच. आता सांगा, जी ऊर्जा टाकीत आलीच नाही ती क्लीनर कुठून आणणार?

तुम्ही मात्र "मायलेज वाढेल" म्हणून बाटली विकली. महिनाभराने तो माणूस परत येतो, किंवा येतच नाही. मूलसारख्या गावात तो चहाच्या टपरीवर काय बोलेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

गिऱ्हाईकाच्या बाजूनेही हिशोब करून बघा. दूध किंवा किराणा पोचवणारी बाइक महिन्याला १५०० किलोमीटर फिरते. पन्नासच्या ॲव्हरेजने ३० लिटर, लिटरला १०५ रुपये धरले तर ३१५० रुपये. समजा बाटलीने पाच टक्के फरक पडला (मी उदार होऊन धरतोय), तरी वाचतात दीडशे रुपये. बाटली तीनशेची असेल तर दर महिन्याला दीडशेचा तोटा. वर त्या बाटलीचं माप बऱ्याचदा कारच्या चाळीस-पन्नास लिटरच्या टाकीचं असतं, आणि आपण ती दहा लिटरच्या टाकीत उपडी करतो.

मग बाटली खोटी आहे का? नाही. इंजेक्शनची पेट्रोल कार असेल, गावातल्या गावात फिरत असेल, सिग्नलला थरथरत असेल, तर चांगल्या डिटर्जंटचं क्लीनर एक-दोन टाक्यांमध्ये इंजेक्टरवरचा थर कमी करतं. इंजेक्टर खोलण्याआधी तो स्वस्तातला प्रयोग आहे. जरूर करा, पण बाटलीवर लिहिलेल्या मापानेच.

मूलच्या गॅरेजात येणारी गाडी मात्र बहुधा २०२० च्या आधीची, कार्बोरेटरची बाइक असते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतो, तो धुरातला ऑक्सिजन पाहतो आणि त्यावरून मिश्रण जुळवलं जातं. कार्बोरेटरला ते कळत नाही. इथेनॉल वाढलं की मिश्रण पातळ पडतं, थंडीत सकाळी किका मारून माणूस घामाघूम होतो. तिथे तुमचा हात लागतो: कार्बोरेटर खोला, जेट साफ करा, स्क्रूने मिश्रण जमवा. एअर फिल्टर तर बघाच. राइस मिलच्या आसपास फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कोंड्याच्या धुळीने किती लवकर भरतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. टायरची हवा, घासणारा ब्रेक, सुकलेली चेन, मायलेज इथेही जातं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो ती. जुन्या गाडीतला रबराचा पेट्रोल पाइप आणि वॉशर इथेनॉलसाठी बनलेले नसतात. ते फुगतात, कडक होतात, चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि कॉक पेट्रोल ओढतो तो तळातूनच. चिरलेला पाइप कोणत्याही बाटलीने सांधत नाही. तळाशी साचलेलं पाणीही टाकी रिकामी केल्याशिवाय जात नाही. गंजलेल्या टाकीत जोरदार क्लीनर ओतलं तर सुटलेला गाळ उलट फिल्टरमध्ये जाऊन बसतो. डिझेलच्या जुन्या पिकअपमध्येही तेच.

गाडी कुठे बंद पडेल याचा विचार करा. चंद्रपूरहून मूलकडे येताना चिचपल्लीच्या पुढे जंगल लागतं. संध्याकाळी त्या रस्त्यावर गाडी ढकलत चालणं म्हणजे काय, हे वाघाच्या मुलखातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला तुमची बाटली आठवेल, आणि बदलायचा राहिलेला शे-दोनशेचा पाइपही.

म्हणून त्या भावाला मी सांगितलं, बिलात बाटलीच्या जागी "इंधन तपासणी" अशी ओळ घाल. पाइप, वॉशर, कॉक, टाकीचा तळ, फिल्टर, प्लग. ठरलेली मजुरी घे आणि काढलेला जुना पाइप गिऱ्हाईकाच्या हातात दे. पैसे जवळपास तेवढेच सुटतात. बाटल्या दोन-चार ठेव, पण काउंटरवर मांडू नकोस, आत ठेव. त्याने विचारलं, "गिऱ्हाईक तरीही मागेल तर?" तर दे बाबा, पण मायलेजचं नाव काढू नकोस. पावसाळ्याआधी वीस गाड्यांवर हे करून वहीत लिहून ठेव, ती वही घेऊन आपण पुढचा व्हिडिओ करू.