अक्षरातला माणूस आणि पुराव्याची मर्यादा

सिंदी (रेल्वे) येथील आमच्या विहारात सध्या एक कोरियन कॅलेंडर टांगले आहे. पुण्याकडे एका कोरियन कंपनीत कामाला असलेल्या गावच्या तरुणाने ते आणले. त्यावर ग्योंगजूच्या बुलगुक्सा या आठव्या शतकातल्या विहाराचे चित्र आणि खाली तीन चिनी अक्षरे. बुल म्हणजे बुद्ध, गुक म्हणजे देश, सा म्हणजे विहार. (हे 'सा'चे अक्षर चीनमध्ये पूर्वी सरकारी कचेरीसाठी वापरत. आम्हा वकिलांना त्याचे अप्रूप वाटणारच!)

चर्चा मात्र 'बुल'वर रंगली. या अक्षराची डावी बाजू 'माणूस' दाखवते आणि उजवीकडच्या चिन्हाचा अर्थ होतो 'नाही'. एका तरुणाने घाबरतच विचारले, "म्हणजे बुद्ध माणूस नव्हता, असे लिहिले आहे का?" त्यावर एक ज्येष्ठ बंधू गरजले, "डावीकडे माणूस काढलाय ना? मग बुद्ध माणूसच होता, हे चीनने दोन हजार वर्षांपूर्वीच मान्य केले!" टाळ्या पडल्या.

आम्हाला दोन्ही अर्थ मान्य नाहीत. चिनी लिपीतल्या बहुतेक अक्षरांत एक भाग अर्थाची दिशा दाखवतो, दुसरा उच्चार. इथे 'नाही'चे चिन्ह केवळ उच्चारासाठी आहे. शिवाय हे अक्षर बुद्धासाठी घडवलेलेच नव्हते. 'सारखे भासणारे' अशा अर्थाने ते आधीपासून वापरात होते. भारतातून धम्म गेला तेव्हा त्या अक्षराचा जुना चिनी उच्चार 'बुत'च्या जवळचा होता, म्हणून ते बुद्धाच्या नावासाठी निवडले गेले. पुढे चिनीत त्याचे 'फो' झाले, जपानीत 'बुत्सु'. कोरियनमध्ये अशा चिनी शब्दांच्या शेवटचा 'त' हा 'ल' झाला, म्हणून 'बुल'.

बुद्ध माणूस होता हे सांगायला आम्हाला चिनी अक्षराची साक्ष कशाला हवी? बाबासाहेबांनी बुद्धाला मोक्षदाता नव्हे, मार्गदाता म्हटले. १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवीने विष्णूचा अवतार हा प्रचार खोटा ठरवला. तो अवतार रचणाऱ्यांनीही सोयीचे अर्थच चिकटवले होते. तोच उद्योग आम्ही का करावा? कोर्टात एक कच्चा साक्षीदार उभा केला की उलटतपासणीत खरी बाजूही डळमळते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

त्या तरुणाला आम्ही सांगितले आहे, कॅलेंडरखाली तिन्ही अक्षरांचे अर्थ मराठीत लिहून लाव. 'बुल' हा आपल्याच 'बुद्ध' शब्दाचा बदललेला उच्चार आहे, हेही लिही. टाळ्यांचे वाक्य तेवढे वगळ.