तारांची भीती, धुराची सवय

उच्चदाब वीजवाहिनीचा सर्व्हे सुरू झाला आणि शिवारात खुंट्या ठोकल्या गेल्या, की गावात दोन प्रश्न हमखास निघतात. जमिनीचे किती मिळणार? आणि या तारांमुळे कॅन्सर होतो म्हणतात, ते खरे का? पहिल्या प्रश्नासाठी तलाठी आहे, प्रांत आहे, कंपनीचा अधिकारी आहे. दुसरा प्रश्न मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरकडे येतो आणि बहुतेक वेळा ‘तसे काही नसते’ या तीन शब्दांत त्याची बोळवण होते. उत्तर एवढे सोपे नाही आणि प्रश्न विचारणारा अडाणीही नाही.

आधी या वाहिन्या का हव्यात ते पाहू. साताऱ्याच्या पठारांवर, सांगली-धुळ्याच्या माळांवर पवनचक्क्या फिरतात. मराठवाडा, सोलापूर भागात सौर पॅनेल उभे राहत आहेत. वीज लागते ती मुख्यतः मुंबई-पुण्याला आणि कारखान्यांना. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो. त्याची वीज वाहून नेणाऱ्या मोठ्या वाहिनीला तीन ते पाच वर्षे लागतात. वाहिनी भरली, की भर दुपारी तयार होऊ शकणारी वीज घेता येत नाही, पॅनेल असूनही उत्पादन कमी करावे लागते. तेवढी वीज मग कोळशातून येते. ही अडचण ओळखूनच 2015 मध्ये ‘ग्रीन एनर्जी कॉरिडॉर’ योजनेत महाराष्ट्रासह आठ राज्यांतील वाहिन्यांचे काम हाती घेतले गेले. अनेक ठिकाणी ते मुदतीत संपले नाही.

रखडण्याची कारणे अनेक आहेत. त्यातले एक मोठे कारण म्हणजे जमिनीवरून होणारा विरोध. त्या विरोधात कॅन्सरची भीती मिसळलेली असते. तिच्यात तथ्य किती?

वीज वाहणाऱ्या प्रत्येक तारेभोवती चुंबकीय क्षेत्र असते. ते मायक्रोटेस्लामध्ये मोजतात. मोठ्या वाहिनीच्या अगदी खाली ते साधारण काही मायक्रोटेस्लांपासून वीसेकपर्यंत असते आणि जसजसे दूर जावे तसे झपाट्याने उतरते. सर्वसामान्य नागरिकांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा 200 मायक्रोटेस्ला आहे. तरीही प्रश्न पूर्ण मिटत नाही. ज्या घरांत हे क्षेत्र सरासरी 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लाहून जास्त होते, तिथल्या मुलांत रक्ताच्या कॅन्सरचे प्रमाण थोडे अधिक असल्याचे काही एकत्रित पाहण्यांत दिसले. म्हणूनच 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या क्षेत्राला ‘2 ब’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातले. कार्यकारणभाव मात्र सिद्ध झालेला नाही. शरीरात हे नेमके कसे घडेल, याचे पटण्याजोगे स्पष्टीकरणही सापडलेले नाही. मोठ्या माणसांच्या इतर कॅन्सरबाबत तर पुरावा त्याहून कमकुवत आहे.

त्याच संस्थेने 2013 मध्ये बाहेरच्या हवेचे प्रदूषण गट 1 मध्ये घातले. गट 1 म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झाले आहे. हे गट धोका किती मोठा ते सांगत नाहीत, पुरावा किती पक्का ते सांगतात. पण धुराचा धोका केवढा, हे सांगायला गटाची गरज नाही. कोळशाच्या धुरातले बारीक कण आणि सल्फर डायऑक्साइडपासून हवेत तयार होणारे कण फुप्फुसात खोल उतरतात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात. त्यातून दमा बळावतो, हृदयविकार आणि पक्षाघात वाढतो. चंद्रपूरला 2,920 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे, नागपूरच्या वेशीवर कोराडी आणि खापरखेडा आहेत. तिथली धूळ अंगवळणी पडली आहे. तार डोळ्यांना दिसते म्हणून भीती वाटते; धुराची सवय झाली म्हणून वाटत नाही.

स्वच्छ विजेचा दुसरा फायदा रात्रीच्या अपघात विभागात कळतो. शेतीची वीज आळीपाळीने, त्यातही रात्री मिळते, म्हणून शेतकरी बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला अंधारात बांधावरून जातो. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार मृत्यू होतात, असा 2000 ते 2019 या काळाचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक ग्रामीण भागातले. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचा प्रयत्न आहे, पण त्यासाठीही उपकेंद्रांची आणि फीडरची क्षमता वाढवावीच लागते. आणि क्षमता अपुरी पडली की काय होते, ते 12 ऑक्टोबर 2020 रोजी कोविडच्या ऐन काळात मुंबईने अनुभवले. शहराला वीज आणणाऱ्या मुख्य वाहिन्या बंद पडल्या, उरलेल्यांना भार पेलला नाही आणि अनेक रुग्णालये जनरेटरवर आली.

तेव्हा वाहिन्या हव्यात. पण भीतीला हसून त्या उभ्या राहणार नाहीत. बहुधा ती भीती आजाराची नसतेच. या कायद्यात जमीन संपादित होत नाही. मालकी शेतकऱ्याकडे राहते, पण तारेखाली घर बांधता येत नाही, उंच फळझाडे लावता येत नाहीत, जमिनीची किंमत उतरते. 400 केव्ही वाहिनीचा पट्टा साधारण 46 मीटर रुंद असतो. जमिनीची ही तक्रार कोणी ऐकत नाही, तेव्हा ती आजाराच्या भाषेत बोलू लागते. केंद्राच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमीन-मूल्याच्या 85 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 15 टक्क्यांपर्यंत भरपाई होती. जून 2024 मध्ये ती 200 टक्के आणि 30 टक्के करण्यात आली. ही रक्कम काम सुरू होण्याआधी हातात पडली, तर कॅन्सरची अर्धी चर्चा आपोआप थांबेल.

उरलेल्या अर्ध्या चर्चेसाठी मोजणी हवी. चुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्र हातात मावते. वाहिनी सुरू होण्याआधी आणि नंतर, सर्वांत जवळच्या घरात, अंगणवाडीत आणि शाळेत, गावकऱ्यांसमोर मोजून आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. नवी वाहिनी शाळा आणि वस्तीपासून शक्य तितकी दूर आखावी. पुरावा कमकुवत असतानाही ही स्वस्तातली खबरदारी शहाणपणाची आहे. आणि नवा पट्टा मागण्याआधी जुन्या टॉवरांवर जास्त तापमान सोसणाऱ्या, कमी झोळ पडणाऱ्या नव्या तारा बसवता येतील का, हे तपासावे. त्याच मार्गावरून जवळजवळ दुप्पट वीज नेता येते.

डॉक्टरांनी खऱ्या धोक्याबद्दलही बोलले पाहिजे. देशात वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात. तारेखाली कडब्याची गंजी रचू नये, पाइप उभा धरून नेऊ नये, तारेखालच्या लोखंडी कुंपणाला अर्थिंग करून घ्यावे. पावसाळी हवेत येणारा करकर आवाज तारेभोवतीच्या हवेतल्या विद्युत विसर्जनाचा असतो, त्याने आजार होत नाही. पण लोंबकळलेली तार जीव घेते, ती दिसताच कळवावे.

पुढच्या ग्रामसभेत कॅन्सरचा प्रश्न निघेल, तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्याने हे सगळे पाच मिनिटांत सांगावे. मग शेजारी बसलेल्या महसूल अधिकाऱ्याने भरपाईची तारीख सांगावी. दोन्ही उत्तरे एकाच सभेत मिळाली पाहिजेत.