ब्रँडी बटर आणि मोहाचे झाड

नाताळच्या पुडिंगवर इंग्लंडमध्ये एक गोड लोणी वाढतात. मऊ लोणी आणि साखर फेटायची, त्यात थोडी थोडी करून ब्रँडी मुरवायची, थंडीत घट्ट होऊ द्यायचे आणि वाफाळत्या पुडिंगवर ठेवायचे. हे ब्रँडी बटर. उत्तरेकडील कंबरलंडमध्ये त्याच जागी रम बटर असते. बाळ जन्मले की भेटीस येणाऱ्यांपुढे ते ठेवण्याची तिथे रीत होती. त्यातली रम आणि साखर व्हाइटहेवन बंदरात उतरत असे, आणि ती पिकवणारे हात वेस्ट इंडीजमधल्या गुलामांचे होते.

१९२७ साली एम्पायर मार्केटिंग बोर्डाने ‘साम्राज्याचे पुडिंग’ प्रसिद्ध केले. रम जमैकाची, ब्रँडी सायप्रसची, मनुका ऑस्ट्रेलियाच्या. भारताच्या वाट्याला मसाला आला.

लोणी, साखर आणि मद्य या तीन गोष्टी जमवायला इंग्रजांना समुद्र ओलांडावा लागला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात त्या तिन्ही एकाच झाडावर आहेत.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची मांसल फुले रात्रीतून गळतात आणि पहाटे बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. फुले भाजून खातात, कुटून लाडू करतात, टंचाईच्या दिवसांत त्यांवर गुजराणही होते. आंबवून गाळली की दारू. जन्म, लग्न, मृत्यू आणि देव, कुठलेही कार्य तिच्यावाचून होत नाही. पुढे पावसाच्या तोंडाशी फळे पिकतात. त्यातल्या बिया, म्हणजे टोळी, वाळवून कुटायच्या, वाफवायच्या आणि दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबायच्या. निघणारे तेल थंडीत गोठून अगदी लोण्यासारखे होते. म्हणूनच इंग्रजीत मोहाला ‘बटर ट्री’ हे नाव पडले. गावात मात्र ते तेलच राहिले, स्वयंपाकाचे आणि दिव्याचेही.

म्हणजे साहेबाला या झाडाची ओळख नव्हती असे नाही. १७८८च्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात चार्ल्स हॅमिल्टनने त्याचे वर्णन केले आहे. ओळख होती, पण पुढे राज्यकर्त्यांच्या लेखी महत्त्व उरले ते महसुलाला. १८९२मध्ये मुंबई इलाख्यात खास ‘म्हौरा’ कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्यात फूल बाळगण्यावरच बंधने आली. एका फुलासाठी स्वतंत्र कायदा! चांदा तेव्हा मध्य प्रांतात असल्याने त्याच्या कक्षेबाहेर होता. परंतु मोहाकडे दारूचा कच्चा माल म्हणूनच पाहणारी आबकारी दृष्टी तिथेही होती.

या इतिहासावरून ‘दारू ही आदिवासींची संस्कृती, तिला हात लावू नका’ असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे आहे. गडचिरोलीत १९९३मध्ये दारूबंदी आली ती गावागावांतून उठलेल्या मागणीमुळे, आणि तिच्यात बायका पुढे होत्या. चंद्रपुरात २०१५मध्ये बंदी आली, २०२१मध्ये उठली. घरात मार खाणाऱ्या बाईला पंडुमाचे महत्त्व सांगणे सोपे आहे. ते सांगणारा बहुधा शहरात राहतो. आक्षेप वेगळाच आहे. दारूवरचा राग फुलावर काढला गेला, आणि खाद्य म्हणून असलेला मोह कागदपत्रांतून पुसट झाला. ब्रँडी बटरमध्येही मद्यच असते. त्याला पाककृतीच्या पुस्तकात जागा मिळाली, मोहाला आबकारीच्या नियमांत.

२००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वेचणाऱ्यांना दिली. २००९मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही मोहफुलांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर दारूबंदी कायद्याखालचे जुने निर्बंध महाराष्ट्रात २०२१पर्यंत चालू होते. पहाटे टोपली भरून घरी आणणारी बाई एका कायद्याने त्या फुलांची मालकीण होती आणि दुसऱ्याने संशयित.