मोठें हृदय : सामर्थ्य कीं व्याधि ?

हृदय वाढलें असें ऐकतांच सारें घर चिंतेत पडतें. परंतु तें कशानें वाढलें, हें पाहिल्यावांचून भलेंबुरें ठरवूं नये, असें आम्हांस वाटतें. स्वीडनमधील उप्साला येथील प्राध्यापक हेन्शेन ह्यांनीं १८९९ मध्यें, बर्फावरून लांब पट्ट्यांवर घसरत शर्यती करणाऱ्यांच्या छातीवर बोटांनीं ठोकून त्यांचीं हृदयें मोठीं असल्याचें दाखविलें. असें हृदय अधिक श्रम पेलतें, असा त्यांचा निष्कर्ष होता. दीर्घ व्यायामानें हृदयाचे कप्पे विस्तारतात व प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त लोटतात. विश्रांतींत मिनिटाला लागणारें सुमारें ५ लिटर रक्त फिरविण्यास सामान्य हृदयाला ७० ठोके लागतात. कसलेल्यास ४५ पुरतात. श्रमाच्या वेळीं हीच शिल्लक कामीं येते.

उलट, चढलेल्या रक्तदाबाशीं झगडून जाड झालेली हृदयाची भिंत ताठर होते, कप्पा नीट भरत नाहीं, आणि जिना चढतांना धाप लागते. म्हणून तरुणपणीं तालीम केलेल्या वडीलधाऱ्यांनीं ‘हें व्यायामाचें हृदय’ असें समाधान मानूं नये. व्यायाम सुटला कीं तो आकारहि ओसरूं लागतो. धाप लागत असेल, तर विनाविलंब रक्तदाब मोजवून डॉक्टरांस दाखवावें, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.