लिगो औंढ्यात येतोय, पण प्रकल्प चालवायला शिकणार कोण?

हिंगोली : औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लिगो-इंडिया उभा राहणार, हे आता जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. २,६०० कोटींच्या या कामात आपल्या मुलांना काय मिळणार, हा प्रश्न मात्र पारावर अजून तसाच आहे. उत्तरं बहुतेक दोनच येतात. एक तर शास्त्रज्ञ, नाही तर वॉचमन. या दोघांच्या मधे जे सगळ्यात मोठं काम असतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. ते म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन.

सात वर्षे कशात गेली?

केंद्राने लिगोला तत्त्वतः मंजुरी दिली फेब्रुवारी २०१६ मध्ये. अंतिम मंजुरी आली एप्रिल २०२३ मध्ये आणि पायाभरणी झाली त्याच वर्षी ११ मे रोजी. बाहेरून पाहणाऱ्याला ही सात वर्षे रिकामी वाटतात. पण जमिनीचा ताबा, जमिनीच्या कंपनांची तपासणी, अमेरिकेसोबतचा करार, खर्चाचे अंदाज ही कामं याच काळातली. इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, पुण्याचे आयुका आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम यंत्रणा, अशा चौघांनी मिळून हे काम करायचं आहे. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यात पावसाळ्याचे चार महिने आणि पाणी लागताच फुगणारी काळी माती. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कोण कुणासाठी थांबलंय, हे रोज पाहणारा माणूस म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर.

नोबेलमागचा व्यवस्थापक

लिगोचा अमेरिकेतला इतिहास इथल्या मुलांनी जरूर वाचावा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो प्रकल्प अडचणीत होता. १९९४ मध्ये बॅरी बॅरिश यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी खर्चाचा खरा आकडा मांडला, मोठी कामं केलेली माणसं घेतली आणि प्रकल्प दोन टप्प्यांत विभागला. आधी साधी यंत्रणा, मग सुधारित. त्याच सुधारित यंत्रणेने सप्टेंबर २०१५ मध्ये पहिली गुरुत्वीय लहर टिपली आणि २०१७ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये बॅरिश यांचाही वाटा होता. कल्पना कितीही मोठी असली तरी ती वेळेत, पैशात आणि माणसांत बसवावी लागते.

सुरुवात कुठून?

थेट मॅनेजर म्हणून कुणाला घेत नाहीत. बांधकामात पहिली पायरी साइट इंजिनिअर, बिलिंग, क्वालिटी, सेफ्टी किंवा स्टोअरची. रोजचा प्रगती अहवाल लिहिणं, मोजमापं घेणं, आलेलं आणि वापरलेलं सिमेंट जुळवणं, ही कामं कंटाळवाणी वाटतात. पण वेळापत्रक कुठे घसरतंय हे तिथंच कळतं. दोन-तीन वर्षांनी प्लॅनिंग इंजिनिअर, मग पुढची जबाबदारी. एक्सेल पक्कं हवं. एमएस प्रोजेक्ट किंवा प्रिमावेरा त्यानंतर.

इथं एक सावधगिरी. ‘कोर्स करा, प्रोजेक्ट मॅनेजर व्हा’ अशा जाहिरातींना भुलून पालक मोठ्या फिया भरतात. पीएमपी हे या क्षेत्रातलं सर्वात नावाजलेलं प्रमाणपत्र. चार वर्षांच्या पदवीनंतरही त्यासाठी प्रकल्प हाताळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, डिप्लोमावाल्यांना ६० महिन्यांचा. म्हणजे नुकत्याच पास झालेल्या मुलाला ते मिळूच शकत नाही. नवख्यांसाठी सीएपीएम आहे, पण त्यानेही साइटवरचा अनुभव भरून निघत नाही.

शिकायला लिगोचीच वाट बघायची गरज नाही. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं, मुदत २०२४ ची होती, ती २०२८ पर्यंत वाढवावी लागली. टाकी बांधली, नळ बसले आणि विहिरीला पाणीच नाही, असं जिथं झालं तिथं चुकलेला क्रम समोर दिसतो. २०१८ पासूनच्या पोकरा योजनेत शेततळं मंजूर होऊन अनुदान खात्यावर येईपर्यंतचे टप्पे ज्याने स्वतः पार केलेत, त्याला कागद, मुदत आणि तपासणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

जिल्ह्याने काय मागावं?

शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. आयटीआय, डिप्लोमा आणि पदवीधर, तिघांनाही ही वाट खुली आहे. म्हणून ‘स्थानिकांना नोकऱ्या द्या’ असं नुसतं निवेदन देऊन भागणार नाही. लिगोच्या कामावर येणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराकडे किती शिकाऊ जागा आहेत आणि हिंगोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यातल्या किती भरल्या, असा नेमका हिशेब लोकप्रतिनिधींनी मागायला हवा.

काम पुरं करण्याचं उद्दिष्ट २०३० चं आहे. काँक्रीट पडून गेल्यावर शिकाऊ जागा मागण्यात अर्थ नाही. आज डिप्लोमाला असलेल्या पोरा-पोरींसाठी जे काही करायचं, ते काम चालू असतानाच करावं लागेल.